कोंबडखत ओढ्याकाठाहून हलवायचंय? आधी घेणारं शेत, मग मंजुरी, मग गाडी

पोल्ट्रीचं खत ओढा, नदी, विहीर किंवा पाझर तलावाच्या आसपासून बाहेर काढायचं ठरवलं की बहुतेक जण पहिला फोन ट्रॅक्टरवाल्याला करतात. गडबड तिथूनच सुरू होते. माल ओला असतो, कुठे टाकायचा ते ठरलेलं नसतं. मग ट्रॉली दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एखाद्या पडीक रानात रिकामी होते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली उतरतं. खत हललं, पण पाण्यापासून दूर गेलं नाही.

दुसरी चूक पैशाची. "सरकार अनुदान देतंय" हे ऐकून काही जण आधी शेड, फरशी, खड्डा बांधून टाकतात आणि बिलं घेऊन कार्यालयात जातात. तिथे कळतं की मंजुरी आधी लागत होती. कामाचा क्रम चुकला की चांगल्या मनाने केलेला खर्चही पदरात पडत नाही. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे.

ज्यांच्याकडे साधारण २,००० ते २५,००० पक्षी आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

## आधी हे समजून घ्या: मदत नेमकी कशावर मिळते

अमेरिकेत मेरीलँडसारख्या राज्यांत चेसापीक उपसागराचं पाणी वाचवण्यासाठी सरकार कोंबडखताच्या वाहतूक खर्चाचा वाटा उचलतं आणि पोल्ट्री कंपन्याही त्यात भर घालतात. तिथल्या योजनेचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे "टनामागे भाडं मिळतं" असा समज पसरला आहे. आपल्याकडची मदत गाडीभाड्यावर नाही. ती तीन वाटांनी येते.

एक, खत साठवण्याच्या आणि त्यावर प्रक्रिया करण्याच्या बांधकामासाठी कर्ज काढलं तर व्याजात सवलत. दोन, बायोगॅस किंवा सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) प्रकल्पातून निघालेल्या आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचं बाजार विकास साहाय्य. हे गोबरधन या शेण-कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याच्या सरकारी उपक्रमाच्या छत्राखाली येतं आणि केंद्र सरकारने ते जून २०२३ मध्ये मंजूर केलं. तीन, स्वतःच्या घरापुरता किंवा फार्मपुरता बायोगॅस बांधायचा असेल तर राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमातलं साहाय्य.

म्हणजे गाडीभाडं तुमच्या मालाच्या किमतीतूनच सुटलं पाहिजे. ते कसं सोडवायचं हे तिसऱ्या टप्प्यात आहे. मेरीलँडची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: खत निघण्याआधी ज्या जमिनीत ते जाणार तिथला स्फुरद (फॉस्फरस) तपासतात. आपल्याकडे हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात.

## टप्पा १: माल मोजा आणि जागा पाहा

ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) एका बॅचमध्ये पक्ष्यामागे खाली पसरलेल्या तुसाच्या गादीसकट साधारण सव्वा ते दीड किलो खत निघतं. ५,००० पक्ष्यांच्या शेडमधून बॅचला ६ ते ७ टन धरा. वर्षात पाच-सहा बॅच घेत असाल तर ३५ ते ४० टन. लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं, गणित वेगळं आहे. पिंजऱ्याखाली पडलेल्या ताज्या विष्ठेत ७० ते ७५ टक्के पाणीच असतं, त्यामुळे टनाचा आकडा मोठा दिसतो पण त्यात माल थोडा असतो.

अंदाजावर समाधान मानू नका. पुढच्या बॅचला निघालेल्या दोन ट्रॉल्या वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. पुढचे सगळे अर्ज आणि सौदे या आकड्यावर उभे राहणार आहेत.

मग कागदावर शेडचा नकाशा काढा. ओढा, विहीर, बोअर, कालवा, शेजाऱ्याचं शेततळं आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्यावर दाखवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्रीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत नदी, तलाव, कालवा आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांपासून १०० मीटर, तर वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितलं आहे. जुनी शेडं या अंतरात बसत नाहीत, हे खरं आहे. शेड हलवता येत नाही, पण खताचा ढीग हलवता येतो आणि पाण्याला खरा धोका ढिगाचाच असतो. पावसाचं पाणी शेडमध्ये शिरत नाही, उघड्यावरच्या ढिगातून मात्र सरळ वाहत जातं.

आपल्या दख्खनच्या कातळाबद्दलही एक सांगायला हवं. काळ्या पाषाणाला भेगा असतात. वर मातीचा थर पातळ असेल तर ढिगाखालून झिरपलेलं पाणी गाळून न निघता थेट भेगेत जातं. विहीर ढिगापासून दूर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. उताराची दिशा पाहा.

तपासा: एका जागी ५,००० पेक्षा जास्त पक्षी असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्न येतो. ती घेतलेली नसेल तर आधी ती मार्गी लावा. कर्जाच्या फाइलमध्ये बँक हा कागद मागते आणि तिथे फाइल अडली की महिने जातात.

## टप्पा २: घेणारं शेत शोधा, आणि त्याची माती पाहा

कोंबडखताची पुस्तकी सरासरी अशी: नत्र (नायट्रोजन) सुमारे ३ टक्के, स्फुरद २.६ टक्के, पालाश (पोटॅश) १.४ टक्के. शेणखतात नत्र अर्धा टक्का आणि स्फुरद पाव टक्क्याच्या आसपास. म्हणजे कोंबडखतात स्फुरद शेणखताच्या दहापट. आपले शेतकरी दोन्ही खतं मात्र ट्रॉलीनेच मोजतात.

हिशेब करून पाहा. एका टन कोंबडखतात २६ किलो स्फुरद येतो. सोयाबीनला शिफारस आहे हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३०. एका एकराला एका टनात गरज जवळजवळ भागते. तीन टनांची अख्खी ट्रॉली एकरात ओतली तर जवळपास तीन वर्षांचा स्फुरद एका दिवशी जमिनीत जातो. दरवर्षी ट्रॉली पडत राहिली की जमीन भरते, आणि पुढे मातीबरोबर तो ओढ्यात उतरतो. शेवाळ आणि जलपर्णी त्यावर पोसतात.

म्हणून घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारा: मृदा आरोग्य पत्रिका आहे का? त्यात उपलब्ध स्फुरद हेक्टरी किती किलो लिहिला आहे ते पाहा.

१४ किलोपेक्षा कमी असेल तर ती जमीन तुमच्या खताची खरी गिऱ्हाईक. १४ ते २१ असेल तर एकरी एक टनाच्या आत राहा. २८ च्या वर असेल तर विनम्रपणे नको म्हणा, मग तो दाम दुप्पट देत असला तरी. ३५ च्या वर म्हणजे आपल्या वर्गवारीत "अत्यंत जास्त". तिथे खत देणं म्हणजे ढीग एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर नेणं.

पोल्ट्रीच्या आसपासच्या दोन-चार गावांत बहुतेक जमिनी आधीच भरलेल्या सापडतात, कारण वर्षानुवर्षं खत जवळच पडत आलं आहे. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार, साताऱ्याकडचे आल्याचे शेतकरी, डाळिंब-केळीवाले हे कोंबडखताचे जुने गिऱ्हाईक आहेत, पण त्यांच्याही कितीतरी बागांत स्फुरद वर गेलेला असतो. खरी भूक कोरडवाहू पट्ट्यात आहे, जिथे जनावरं कमी झाली आणि शेणखत मिळेनासं झालं. तिकडे ओळख काढा. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर एकाच फोनवर दहा-वीस शेतकरी जोडले जातात.

तपासा: घेणाऱ्याचं शेत दुसऱ्या ओढ्याच्या किंवा तलावाच्या काठावर तर नाही ना? त्याचा गट नंबर घ्या आणि नकाशावर बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ३: गाडीभाडं सुटतंय का

एका टन वाळलेल्या कोंबडखतात ३० किलो नत्र आणि २६ किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र. म्हणजे एक टन कोंबडखत म्हणजे डीएपीची एक आणि युरियाची एक गोणी, वर थोडं पालाश आणि सेंद्रिय कर्ब. १,३५० आणि २६६ रुपयांच्या दराने या दोन गोण्या १,६०० रुपयांच्या पुढे जातात.

ही किंमत कागदावरची आहे. कोंबडखतातलं सगळं नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. पण सौद्याला बसताना हा आकडा हाताशी असावा. मालाचा दर, भरण-उतरण आणि भाडं मिळून टनाला यापेक्षा बराच जास्त खर्च आला तर घेणारा पुढच्या वर्षी येणार नाही.

भाडं कमी करण्याचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पाणी न वाहणं. ७५ टक्के ओलाव्याचं १० टन लेअरचं खत घेतलं तर त्यात माल अडीच टनच. तेच ३० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं तर वजन साडेतीन टनांवर येतं. तीन गाड्यांचं काम एका गाडीत. ही बचत कुठल्याही अनुदानापेक्षा मोठी आहे, आणि तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

परतीची गाडी शोधा. तुमच्या भागात मका किंवा सोयापेंड घेऊन येणारा ट्रक रिकामा परत जात असेल तर त्याचं भाडं निम्म्यावर येऊ शकतं. पण इथे एक कडक अट आहे, ती सातव्या टप्प्यात वाचल्याशिवाय हा सौदा करू नका.

## टप्पा ४: योजना निवडा, अर्ज आधी करा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी. पशुजन्य कचऱ्यापासून संपत्ती निर्माण करणारे प्रकल्प यात बसतात. कोंबडखताचं कंपोस्ट, पेलेट, बायोगॅस हे त्यातलंच. वैयक्तिक उद्योजक, शेतकरी उत्पादक कंपनी, खासगी कंपनी यांना अर्ज करता येतो. प्रकल्पाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि व्याजात ३ टक्के सवलत. परतफेड आठ वर्षांची, त्यातली पहिली दोन वर्षं मुद्दल फेडावं लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात.

कृषी पायाभूत सुविधा निधी. सेंद्रिय निविष्ठा तयार करण्याचं युनिट यात येतं. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, सात वर्षांपर्यंत. पूर्वी सामुदायिक स्वरूपाचे प्रकल्प गटांसाठीच होते, ऑगस्ट २०२४ मध्ये ते इतर पात्र लाभार्थ्यांनाही खुले झाले. ज्यांचा मुख्य धंदा शेती आहे आणि पोल्ट्री जोडीला आहे, त्यांना ही वाट बहुधा सोपी जाते.

गोबरधन आणि टनामागचे १,५०० रुपये. हे पैसे प्रकल्पातून तयार होऊन विकल्या गेलेल्या खतावर आहेत, तुमच्या कच्च्या कोंबडखतावर नाहीत. तुमचा फायदा अप्रत्यक्ष आहे: ज्या प्रकल्पाला हे साहाय्य मिळतं तो तुमच्या मालाला जास्त दर देऊ शकतो. जवळ असा प्रकल्प असेल तर त्याची गोबरधन पोर्टलवर नोंदणी आहे का ते विचारा, नोंदणी क्रमांक मागा. कोंबडखतात नत्र जास्त असल्यामुळे प्रकल्पवाले ते एकटं घेत नाहीत, शेण किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून घेतात. महिन्याला किती टन आणि किती ओलाव्याचा माल चालेल ते लेखी ठरवा.

राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ५० टक्के, कमाल २५ लाखांचं अनुदान बघून पुष्कळ जण तिकडे धावतात. ते देशी-सुधारित पक्ष्यांचं पैदास केंद्र, हॅचरी आणि मदर युनिट यांच्यासाठी आहे. ब्रॉयलरच्या खताची शेड त्यात बसत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यात अर्ज घालून सहा महिने वाट पाहू नका.

वरच्या तिन्ही मुख्य योजनांची मंजूर मुदत आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतची होती. अर्ज करण्याच्या दिवशी मुदतवाढीचा ताजा आदेश बँकेकडे किंवा जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात मागा आणि त्याची प्रत फाइलला लावा.

कागदांचा क्रम असा ठेवा: ७/१२ आणि ८-अ, जमीन भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार, उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा ठराव किंवा ना-हरकत, प्रदूषण मंडळाची संमती लागू असेल तर ती, बांधकामाचं अंदाजपत्रक, यंत्रांची दरपत्रकं, आणि शेवटी प्रकल्प अहवाल. अहवाल शेवटी का? कारण वरचे सगळे आकडे त्यात जुळले पाहिजेत. उलट्या क्रमाने गेलं की अहवालात एक क्षेत्रफळ आणि दरपत्रकात दुसरं, असं होतं आणि फाइल परत येते. अहवालात पहिल्या टप्प्यातल्या काटा पावत्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या घेणाऱ्यांची पत्रं जोडा. बँकेच्या माणसाला खत विकलं जाणार याची खात्री त्यातूनच मिळते.

सावध: कर्ज मंजूर होऊन पत्र हातात येईपर्यंत पाया खणू नका, यंत्राला आगाऊ रक्कम देऊ नका. व्याजाची सवलत कर्जखात्यावरच मिळते. आधी स्वतःच्या पैशाने केलेल्या कामाचा परतावा त्यात नसतो. कुणी एजंट "रक्कम तुमच्या खात्यात रोख जमा करून देतो" म्हणाला तर तिथेच उठा.

## टप्पा ५: साठवणीची जागा

मंजुरीची वाट पाहत असतानाही माल निघतच राहतो, म्हणून ताडपत्रीखालची तात्पुरती सोय आजच करा. कायमच्या जागेचं माप मात्र पावसाळ्यावरून काढा. जून ते सप्टेंबर खत शेतात पडायला नको, म्हणजे चार महिन्यांचा माल ठेवायला जागा हवी. ५,००० ब्रॉयलरचे या काळातले १२-१३ टन आणि थोडी जादा सोय मिळून १८ टन धरा. घनमीटरला ४५० किलोच्या हिशेबाने ४० घनमीटर. दीड मीटर उंचीचा ढीग लावला तर २७ चौरस मीटर, आणि उलटापालट करायला तेवढीच मोकळी जागा. म्हणजे ६०० चौरस फुटांची पत्र्याची शेड. अनेकांच्या अहवालात याच्या चौपट शेड दिसते. तेवढं कर्ज नाहक डोक्यावर येतं.

जमीन उंचवट्यावरची घ्या. खाली मुरूम धुमसून त्यावर काँक्रीट. तिन्ही बाजूंनी दोन फुटांची भिंत, पुढे उंबरा. पत्र्याचं पाणी पन्हळीने वेगळं काढा, ते ढिगाजवळून जाऊ देऊ नका. बाहेरून येणारं पावसाचं पाणी अडवायला वरच्या अंगाला चर काढा.

सावध: ओला आणि कोरडा माल एकावर एक रचून दोन मीटरच्या वर ढीग नेऊ नका. आतली उष्णता साठत जाऊन असे ढीग आपोआप पेटतात. वास बदलला, वाफ वाढली की ढीग लगेच पसरा.

## टप्पा ६: कुजवणं

कच्चं खत थेट पाठवण्याची घाई समजू शकतो, शेड रिकामं करायचं असतं. तरीही लांबच्या गाडीसाठी माल कुजवूनच पाठवा. वास नसतो, माशा नसतात, गावातून गाडी जाताना कुणी अडवत नाही.

तुसाच्या गादीचं खत असेल तरी त्यात कर्ब कमी पडतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं आणायला पाचट, भुसकट, सोयाबीनचं काड, लाकडाचा भुसा यातलं जे मिळेल ते घाला. ओलावा ५० ते ६० टक्के. मूठ दाबून पाहा: बोटांतून पाणी गळलं तर जास्त, गोळा होऊन टिचकीने फुटला तर बरोबर, भुगाच राहिला तर पाणी शिंपडा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तापायला लागतो. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. ५५ अंशांच्या वर निदान तीन दिवस राहिला पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ६५ च्या वर गेला की पलटी द्या. पहिल्या पंधरा दिवसांत चार-पाच पलट्या, बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर. साधारण दोन महिन्यांत माल काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचा होतो.

माशांचं चक्र उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत पूर्ण होतं. आठवड्याच्या आत एक पलटी चुकली की माशा गावभर होतात आणि मग तक्रार येते. ती तक्रार रास्त असते.

नेहमीची चूक: वास मारायला ढिगात चुना टाकणं. चुन्याने नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. ज्या नत्रासाठी घेणारा पैसे देणार तेच तुम्ही उडवता. वास येतोय म्हणजे माल ओला आहे, त्यात कोरडं भुसकट घाला.

मेलेले पक्षी या ढिगात टाकू नका. त्यांच्यासाठी वेगळा बंदिस्त खड्डा हवा. मेलेले पक्षी मिसळलेला माल रानात पडला आणि गुरं तिथे चरली तर बोट्युलिझम नावाच्या विषबाधेने जनावरं दगावतात. पक्ष्याचं एक हाडही त्याला पुरतं.

## टप्पा ७: गाडी भरण्याचा दिवस

भरताना ओलावा २५ ते ३० टक्के असावा. मुठीत धरलं तर गोळा होऊ नये, आणि उधळून धूळही होऊ नये. फाळक्याच्या फटी गोणपाटाने बुजवा, वर ताडपत्री चारही बाजूंनी बांधा. काटा पावतीवर शेडचं नाव, गाडी नंबर आणि घेणाऱ्याचा गट नंबर लिहून दोन प्रती करा.

आता परतीच्या गाडीची अट. ज्या गाडीतून खाद्य येतं, तिच्यातून खत नेलं तर ती गाडी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा खाद्याला लावायची नाही. ड्रायव्हरच्या "झाडून घेतो" या शब्दावर विसंबू नका. तुमच्या डोळ्यांसमोर धुणं होणार नसेल तर वेगळी गाडी करा. एका शेडचा रोग दुसऱ्या शेडमध्ये जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याही सौद्यापेक्षा मोठी आहे. बॅचमध्ये अचानक, नेहमीपेक्षा वेगळी मरतूक झाली असेल तर खताचा एक कणही बाहेर काढू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा आणि थांबा. बर्ड फ्लू निघाला तर १ किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचं निगराणी क्षेत्र जाहीर होतं, खताची ने-आण बंद होते. नवापूर तालुक्याने हे २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सोसलं आहे. अशा वेळी घाईने काढलेली एक ट्रॉली आख्ख्या पट्ट्यातल्या शेडांना रिकामं करू शकते.

तपासा, गाडी सुटण्यापूर्वी: घेणाऱ्याला फोन केला का? उतरवायची जागा दाखवायला तिथे माणूस आहे का? पुढच्या तीन दिवसांत पावसाचा अंदाज तर नाही? यातलं एकही उत्तर अडलं तर गाडी उद्या.

## टप्पा ८: घेणाऱ्याच्या बांधावर

तुमची जबाबदारी वजनकाट्यावर संपत नाही, असं मी मानतो. घेणाऱ्याला एका कागदावर एवढं लिहून द्या. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून निदान ३० मीटरच्या पट्ट्यात खत नको. पसरलं त्याच दिवशी कुळवाने मातीआड करा, नाहीतर नत्र उडतं आणि पहिल्या वळवाला बाकीचं वाहतं. उताराच्या रानात आडवी मेहनत. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि बियाण्याच्या ओळीत नाही, कारण त्यातल्या क्षारांनी उगवण मारली जाते. डीएपीचा डोस त्या हिशेबाने कमी करा, दोन्ही एकदम नको. कच्चा माल नेलाच असेल तर पालेभाजी, गाजर, कोथिंबीर अशा मातीला टेकणाऱ्या पिकांत काढणीच्या १२० दिवस आत वापरू नका.

पिशवीत भरून, नाव छापून विकायचं मनात असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे खत नियंत्रण आदेश लागू होतो, मालाचे निकष प्रयोगशाळेत उतरावे लागतात आणि कृषी विभागाची परवानगी लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. सुटा माल, ओळखीचा शेतकरी, एवढ्यावरच घडी बसवा.

## टप्पा ९: वही आणि पाण्याची बाटली

एक वही पुरते. तारीख, शेड, टन, ओलावा, गाडी, घेणारा, गट नंबर, त्याच्या मातीतला स्फुरद. प्रदूषण मंडळाचा माणूस आला, बँकेचा आला किंवा ग्रामसभेत प्रश्न निघाला, तर याच वहीने उत्तर देता येतं. ज्यांची वही असते त्यांचं दुसरं कर्जही लवकर होतं.

तुमच्या शेडच्या खालच्या अंगाची विहीर वर्षातून दोनदा तपासा: मे अखेरीस आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. नायट्रेटची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. लहान बाळांना नायट्रेटचा धोका सगळ्यात जास्त, त्यामुळे आकडा त्याच्या वर असेल तर ते पाणी पिणाऱ्या घरांना आधी सांगा, मग कारण शोधा.

नमुना घेताना मोटर पाच मिनिटं चालू द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर तारीख आणि विहिरीचा गट नंबर लिहा. बाटली सावलीत, बर्फ मिळाला तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. दोन दिवस घरात राहिलेल्या पाण्याचा आकडा धरू नका, पुन्हा भरून न्या.